बोअर कुठल्या थरातला, यावर अडलेला उन्हाळा

वायूकंपनीच्या उपशामुळे शेतकऱ्याच्या बोअरचं पाणी उतरेल का, हे बघणाऱ्या बोअर तपासणीच्या फॉर्ममध्ये एक रकाना असतो: पाणी कोणत्या थरातून येतं? बाकी फॉर्म भरायला फारसा वेळ लागत नाही. या एका रकान्यापायी आमचं प्रकरण अख्खा उन्हाळा लोंबकळलं. त्याचा राग अजून उतरलेला नाही, आणि पुढच्या माणसाचा वेळ वाचावा एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

मी भूजलाचं काम करते. सुरुवातीची वर्षं मराठवाड्यातल्या बेसाल्टवर गेली, आता ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलंडच्या डार्लिंग डाउन्स भागात शेतकऱ्यांच्या वतीने तपासण्या करते. वरून बघितलं तर परभणीच वाटावी: काळी माती, कापूस, ज्वारी. खाली मात्र सगळं वेगळं. आपल्याकडे पाणी बेसाल्टच्या फटींत आणि मुरमात सापडतं. इथे वालुकाश्म आणि कोळशाचे जाडच जाड थर एकावर एक पसरलेत. कंपन्या कोळशातला वायू, म्हणजे मिथेन, काढतात तो वलून कोल मेझर्स या थरातून. त्याच्या वर स्प्रिंगबॉक वालुकाश्म, खाली हटन वालुकाश्म. कोळशात मिथेन पाण्याच्या दाबाने धरून ठेवलेला असतो. पाणी उपसून तो दाब उतरवल्याशिवाय वायू सुटतच नाही. म्हणून शेजारच्या बोअरची पातळी खाली जाईल का, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून येतो.

हे थर ज्या खोऱ्यात आहेत त्या सुराट खोऱ्यात कंपन्या अनेक, आणि कुणाच्या उपशामुळे किती पातळी उतरली हे वेगळं काढता येत नाही. म्हणून २०११ मध्ये सगळ्या भागाचा एकत्र विचार करायचं ठरलं आणि २०१२ मध्ये पहिला प्रादेशिक अहवाल आला. आता हे काम ऑफिस ऑफ ग्राउंडवॉटर इम्पॅक्ट असेसमेंट ही सरकारी कचेरी करते. पातळी कुठे किती उतरेल याचं त्यांचं गणिती मॉडेल मला पटतं. नियमही सरळ आहे. वालुकाश्मासारख्या पक्क्या खडकातल्या बोअरची पातळी ५ मीटरपेक्षा जास्त, किंवा मोकळ्या गाळातल्या बोअरची २ मीटरपेक्षा जास्त उतरेल आणि तीही तीन वर्षांच्या आत, असं अनुमान निघालं, की कंपनीला तो बोअर तपासावाच लागतो आणि मालकाशी भरपाईचा करार करावा लागतो. पहिल्या अहवालात सुमारे २१,००० बोअरपैकी ५२८ बोअर कधी ना कधी बाधित होतील असं निघालं होतं, तीन वर्षांच्या आतले ८५. त्यातले बहुतेक वलूनमधले.

आता रकान्याचं महत्त्व लक्षात येईल. एकाच शेतात, एकाच जागी, वलूनसाठी मॉडेल कित्येक मीटर घट दाखवतं आणि हटनसाठी नगण्य. बोअर हटनमधला ठरला की कंपनीची जबाबदारी तिथेच संपते.

आमचा बोअर मालकाच्या वडिलांनी १९६०च्या दशकात मारलेला. सरकारी नोंदीत त्याचा नंबर होता, खोली होती, केसिंग (बोअरमधली नळी) आणि जाळी (जिथून पाणी आत येतं) यांचा तपशील कोरा. कंपनीच्या कार्यालयाने नुसत्या खोलीवरून हटन लिहून टाकलं. मी हरकत घेतली, तर म्हणाले ड्रिलरचा लॉग, म्हणजे किती खोलीला कोणता खडक लागला त्याची नोंद, जोडा. ड्रिलर केव्हाच वारलेला, त्याची कागदपत्रं कुणाकडेच नाहीत. मग म्हणाले ‘अज्ञात’ लिहा. ‘अज्ञात’ लिहिलं, तर फॉर्म अपूर्ण म्हणून परत आला. बोअरमध्ये कॅमेरा सोडा म्हटलं, तर त्यासाठी पंप वर काढायला रिग (बोअरवर उभं करायचं यंत्र) लागते, आणि बोअर वलूनमधला आहे हे ठरल्याशिवाय रिग पाठवता येत नाही, असं उत्तर. कॅमेऱ्याशिवाय ते ठरणार कसं, याचं उत्तर कुणीच दिलं नाही. फोनवर दर वेळी नवा माणूस, त्याला पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगायचं. इकडे गुरं त्याच पाण्यावर, आणि मालक रोज संध्याकाळी विचारायचे, काही कळलं का.

गाडी हलली ती दोन गोष्टींमुळे. वायूविहिरींचे खोदाई अहवाल गोपनीयतेची मुदत संपल्यावर क्वीन्सलंड सरकारच्या भूशास्त्र पोर्टलवर खुले होतात. शेजारच्या विहिरीचा अहवाल काढून मी वलूनचा माथा आणि तळ किती खोलीवर आहे ते मांडलं. पाण्याचा नमुनाही तपासून घेतला: सोडियम आणि बायकार्बोनेट भरपूर, सल्फेट जवळजवळ नाही, मिथेन विरघळलेला. एवढ्यावर थर सिद्ध होत नाही, पण संशय घ्यायला पुरेसं होतं. हे जोडून मी लेखी विचारलं: हटन कशावरून ठरवलंत, तेही लेखी द्या. त्यानंतर रिग आली.

बोअरचा तळ कागदावरच्या खोलीच्या बराच वर निघाला, आणि जाळी अख्खी वलूनच्या कोळशाच्या पट्ट्यांसमोर. गॅमा लॉग, म्हणजे खडकाच्या नैसर्गिक किरणोत्साराची खोलीनुसार नोंद, केसिंगमधूनही निघतो, तो शेजारच्या विहिरीच्या लॉगशी जुळवला. पट्टी न् पट्टी जुळली. त्या दिवशी मला फार बरं वाटलं. इतके दिवस जे सांगत होते, ते आता सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं.

करार त्यामानाने लवकर झाला. तुमच्या बाजूच्या वकिलाचा आणि भूजलतज्ज्ञाचा वाजवी खर्च कंपनीने द्यायचा असतो, हे सही करण्याआधी बोलून घ्या. रोख पैसे घ्यावेत की नवा बोअर, याबद्दल माझं मत पक्कं आहे: गुरं असतील तर बोअरच घ्या. पैसे खर्चून जातात, गुरांना पाणी रोज लागतं. या कुटुंबाने हटनपर्यंत नवा बोअर घेतला. या वेळी ड्रिलरकडून सही केलेला लॉग त्याच दिवशी घेतला.

पातळी मोजण्याबद्दल सांगायचं राहिलं. पंप बंद करून बोअरला विश्रांती द्या, मगच मोजा. बोअरमधून वायूचे बुडबुडे येत असतील तर पातळी खरी असते त्याहून वर दिसू शकते, म्हणून नोंदीत बुडबुड्यांचा उल्लेख हवाच. मिथेनचा नमुना बंद भांड्यात घ्या, उघड्या बाटलीत तो उडून जातो. आणि हे सगळं वायूविहिरी सुरू होण्याआधी एकदा तरी झालेलं असावं, नाहीतर पुढे तुलना कशाशी करणार? नव्या बोअरमध्ये पंपाच्या शेजारी मोजणीसाठी बारीक नळी सोडून घ्या. मग पंप न काढता तुमची पातळी तुम्हीच मोजू शकता, कुणाची रिग येण्याची वाट बघावी लागत नाही.