मुलांचे ठसे रातोरात नाहीसे का होतात : बालगुप्तहेर उपक्रमाची नवी नोंद

मुलांना खेळातून तपास शिकवणारा आपला संपूर्ण उपक्रम मागील नोंदीपासून अडवून ठेवणारा प्रश्न, म्हणजे मुलांच्या बोटांचे ठसे रात्रभरात का नाहीसे होतात, अखेर सुटला आहे. दोष पावडरीचा नव्हता आणि ब्रशचाही नव्हता. ठसे उमटवणारी बोटे लहान मुलांची होती, हेच त्यामागचे कारण आहे.

‘हरवलेल्या चषका’च्या खोट्या प्रकरणाची आखणी अशी होती. संध्याकाळच्या सत्रात संशयित मुलांनी काचेचे पेले हाताळायचे, पेले झाकून ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी तपास करणाऱ्या गटाने त्यांवरील ठसे ब्रशने पावडर लावून उठवून कोण दोषी हे ठरवायचे, असे ठरले होते. पेला हाताळल्यावर लगेच ब्रश फिरवला तर रेषा स्वच्छ दिसत. मात्र रात्र उलटली की त्याच काचेवर पावडर धरत नसे आणि धूसर डागांपलीकडे काहीही हाती लागत नसे.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम आपण मुलांना शिकवतो. तोच येथे पाळला. आधी पावडर बदलली. मऊ पेन्सिलीचे शिसे बारीक पॉलिश पेपरवर घासून केलेली ग्राफाइटची भुकटी, त्यानंतर कोको पावडर, त्यानंतर काळ्या कागदावर उठून दिसावे म्हणून कॉर्नफ्लोअर वापरले. नंतर ब्रश बदलला, आणि शेवटी काचेऐवजी चकचकीत चिनीमातीचा कप व स्टीलची ताटली घेतली. निकालात फरक पडला नाही. तेव्हा प्रत्येक मुलाच्या ठशाशेजारी, त्याच पेल्यावर, मी माझ्या अंगठ्याचा ठसा उमटवून ठेवला. दुसऱ्या दिवशी माझ्या ठशातील फाटे (एका रेषेच्या दोन होतात त्या जागा) भिंगाशिवाय दिसत होते आणि बोटभर अंतरावरील मुलांची जागा जवळजवळ कोरी होती. काच, पावडर, ब्रश, खोलीतील हवा हे सारे समान असताना उरणारा फरक केवळ वयाचा होता.

त्यामागील कारण मुलांना सांगण्याजोगे आहे. तळहाताच्या आणि बोटांच्या आतील त्वचेत तैलग्रंथी नसतात; तेथे फक्त घामाच्या ग्रंथी असतात, आणि घाम बहुतांशी पाणीच असतो. बोटांवर जे तेल असते ते चेहऱ्याला व केसांना हात लागल्याने येते. प्रौढांच्या या तेलात सहज न उडणारी, मेणासारखी जड संयुगे असतात, त्यामुळे पाणी सुकले तरी रेषांचा लेप टिकून राहतो. वयात येण्यापूर्वी मात्र तैलग्रंथी मंद असतात आणि मुलांच्या ठशात तुलनेने लवकर उडून जाणारी मेदाम्ले (चरबीतील आम्ले) अधिक असतात. न्यायवैद्यक तपासातही लहान मुलांचे ठसे मिळवणे यामुळेच कठीण जाते.

उपाय म्हणून प्रथम पेट्रोलियम जेली वापरली, परंतु तिचा थर दोन रेषांमधील खाचा भरून टाकतो आणि ठशाचा नुसता गोळा उरतो. हाताला लावायचे साधे क्रीम अगदी थोडे घेऊन, पूर्ण जिरेपर्यंत चोळून, नंतर बोट न सरकवता सरळ टेकवल्यास ठसा रात्रभर टिकला. ही पद्धत यशस्वी आहे, तरीही मला ती मनापासून आवडत नाही, कारण त्यात आपण पुरावा तयार करतो आणि पुरावा आपोआप कसा उरतो हे मुलांना शिकायला मिळत नाही. त्यामुळे पुढील सत्रात संशयित म्हणून प्रौढ स्वयंसेवक घ्यावेत, असे ठरवले होते.

हे लिहीत असताना त्याहून चांगली कल्पना सुचली आहे. ठसा विरत जातो, ही अडचण न मानता तिचा घड्याळासारखा उपयोग करता येईल. पेल्यावर एका प्रौढाचा आणि एका मुलाचा असे दोन्ही ठसे ठेवायचे. मुलाचा ठसा स्पष्ट उठला तर तो बहुधा ताजा आहे, असे अनुमान निघते. म्हणजे प्रकरणाचा प्रश्न ‘कोणी?’ एवढाच न राहता ‘केव्हा?’ असाही होतो. त्यासाठी मुलांनी आधी स्वतः तक्ता तयार करावा लागेल: हाताळल्यावर लगेच, तासाभराने, काही तासांनी आणि दुसऱ्या दिवशी, काचेवर व स्टीलवर वेगवेगळा. हाताला क्रीम लागलेले असणे, खोली दमट किंवा उष्ण असणे, असे अपवादही त्यांनीच तक्त्याखाली लिहावेत. या निमित्ताने ‘ठसा सापडला नाही’ आणि ‘हात लावलाच नाही’ ही दोन विधाने एक नाहीत, हे त्यांना स्वतःच्या प्रयोगातून कळेल. तपासवहीतील ‘दिसले’ आणि ‘वाटले’ हे दोन रकाने येथे खऱ्या अर्थाने कामाला येतील. गेल्या सत्रात एका मुलीने ‘त्याने पेला धुतला’ हे वाक्य कोणी न सांगता पहिल्या रकान्यातून खोडून दुसऱ्यात लिहिले, याचा मला फार आनंद झाला.

वर्गीकरणाचे काम दरम्यान पुढे सरकले आहे. साधारण ६० ते ६५ टक्के ठसे शंख प्रकारचे (रेषा वळून आल्या बाजूलाच परततात असे) असतात, चक्र (गोल फिरणाऱ्या रेषांचे) त्यांहून कमी आणि कमानी (एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूला जाणाऱ्या रेषांच्या) फार थोड्या. त्यामुळे ‘शंख आहे’ एवढ्यावरून कोणालाही पकडता येत नाही आणि मुले आपोआप रेषांचे शेवट व फाटे मोजू लागतात. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचे कार्यालय सुरू झाले, तेथील भारतीय पोलीस अधिकारी अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी घडवण्यात मोठा वाटा उचललेली वर्गीकरणाची पद्धत आता मोठ्या मुलांना शिकवत आहे. उजव्या अंगठ्यापासून डाव्या करंगळीपर्यंत बोटांना क्रमांक द्यायचे, लागोपाठच्या जोड्यांना १६, ८, ४, २, १ असे गुण ठरवायचे आणि चक्र असेल तेथेच ते मोजायचे. सम क्रमांकांची बेरीज अधिक एक हा अंश, विषम क्रमांकांची बेरीज अधिक एक हा छेद. असे १०२४ गट पडतात. एकही चक्र नसल्यास १/१ मिळतो. स्वतःचा अपूर्णांक काढण्यासाठी मुले जितक्या उत्साहाने बेरजा करतात तितक्या एरवी करत नाहीत. सत्र संपल्यावर प्रत्येकाचे ठशांचे कार्ड त्याचे त्यालाच परत द्यावे, हा माझा आग्रह कायम आहे.

साधनांबाबत माझे मत आता पक्के झाले आहे. तयार ‘गुप्तहेर संच’ घेण्यात अर्थ नाही. त्यांतील ब्रश ताठ असतो, पावडर जाडसर असते आणि प्लास्टिकच्या भिंगात कडा पसरट दिसतात. चेहऱ्याच्या प्रसाधनाचा मऊ, भरदार ब्रश, ग्राफाइटची भुकटी, रुंद पारदर्शक चिकटपट्टी आणि काचेचे चांगले भिंग पुरेसे आहे. कोको पावडर मुलांना आवडते, पण दमट हवेत तिच्या गुठळ्या होतात. कोणतीही भुकटी चिमटीएवढीच घ्यावी आणि ती फुंकू देऊ नये.

पाण्याने शाईतील रंग वेगळे करण्याच्या दुसऱ्या चाचणीत काळ्या स्केचपेनचे रंग गाळणकागदावर सुरेख वेगळे झाले. पाण्यात न विरघळणाऱ्या शाईची पेने त्या खेळातून वगळली आहेत. ‘केव्हा?’ची चाचणी आधी काचेवरच घेईन, आणि तिचा तक्ता पूर्ण झाल्यावर स्टीलकडे वळेन.