सध्या काय खेळतेय: सुई, सूर्य आणि जोकर

एका वेळी एकच गेम खेळायचा हे धोरण माझं कधीच टिकत नाही, त्यामुळे आत्ताही तीन-चार गेम अर्धवट चालू आहेत. हात शिवशिवत असले की सिल्कसाँग, डोकं जागेवर असलं की आउटर वाइल्ड्स, आणि दोन्ही दमलेले असले की बालाट्रो. आधी वाटलं यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण हळूहळू लक्षात आलं की यातल्या कुठल्याच गेममध्ये माझं कॅरेक्टर म्हणावं तसं बलवान होत नाहीये, जे काय होतंय ते माझं होतंय. म्हणजे उद्या सेव्ह फाइल उडाली तर चिडचिड होईलच, पण निम्म्याहून जास्त प्रोग्रेस माझ्याकडेच राहील. मी वाढले त्या आरपीजींवर (रोल-प्लेइंग गेम), तिथे उलटा मामला, लेव्हल वाढवा, तलवार बदला, आणि ज्या राक्षसाने काल धू धू धुतलं त्याला आज जाऊन एका फटक्यात आडवा करा. मजा त्यातही आहे, नाही असं नाही.

तर सिल्कसाँग. हॉलो नाइटचा पुढचा भाग, फेब्रुवारी २०१९ ला जाहीर झाला आणि आला ४ सप्टेंबर २०२५ ला, मधली सगळी वर्षं लोक प्रत्येक गेमिंग शो बघताना चॅटमध्ये सिल्कसाँग सिल्कसाँग करत बसायचे. गंमत म्हणजे मुळात हा पहिल्या गेमचा डीएलसी, म्हणजे वरून जोडायचा जादा भाग, होणार होता, तो वाढत वाढत एवढा झाला. आला त्या दिवशी मोठमोठे ऑनलाइन स्टोअर कोलमडले, इतकी गर्दी. आणि बनवणारी टीम केवढी तर बोटावर मोजण्याइतकी माणसं.

यात आपण हॉर्नेट असतो, हातात सुई, आणि सुरुवातीला सगळ्यात जास्त त्रास कोण देतं तर बॉस, म्हणजे मोठा शत्रू, नाही, खाली मारायचा फटका. पहिल्या गेममध्ये उडी मारून सरळ खाली वार करता यायचा आणि त्याच्या जोरावर परत वर उसळता यायचं. इथे सुरुवातीच्या क्रेस्टवर (क्रेस्ट म्हणजे लढायची पद्धत ठरवणारं चिन्ह) तो फटका तिरका जातो. तिरका! म्हणजे शत्रूच्या डोक्यावर जाऊन उपयोग नाही, थोडं अलीकडून यायचं, अंतर नजरेने मोजायचं आणि मग बटण. एका भागात लाल फुगीर फुलांवरून असं टप्प्याटप्प्याने उसळत पलीकडे जायचं असतं, तिथे मी तोंडाने जे काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. नंतर वेगळी क्रेस्ट मिळतात ज्यात हा फटका बदलतो आणि बरेच जण लगेच बदलून मोकळे होतात, पण मी तिरक्यावरच राहिले कारण एकदा का तो हाताला बसला ना की हॉर्नेट चालतच नाही, ती नुसती टाके घातल्यासारखी शत्रूंवरून जात राहते, आणि मग कळतं की हिच्या हातात सुई का दिलीये.

अवघड आहे का? आहे. हिशोबच बघा, सुरुवातीला जीव पाच, त्यांना गेममध्ये मास्क म्हणतात, आणि बरेच बॉस एका फटक्यात दोन काढतात. बरं व्हायचं तर तीन मास्क एकदम परत मिळतात, पण त्याला साठवलेलं सगळं रेशीम लागतं आणि ते करताना मध्येच फटका बसला तर रेशीमही गेलं आणि मास्कही. म्हणजे घाबरून बरं व्हायला गेलात की मेलात, आधी जागा तयार करायची मग बरं व्हायचं. हे कुठे लिहिलेलं नाही, अंगावर घेऊनच कळतं. यावरून ऑनलाइन इतकी भांडणं झाली की पहिल्याच पॅचमध्ये सुरुवातीचे दोन बॉस थोडे सोपे केले त्यांनी. माझं मत विचाराल तर बॉस ठीक आहेत, मला राग येतो तो बेंचचा, म्हणजे जिथे बसून जीव भरतो आणि गेम सेव्ह होतो त्या जागेचा. बसायला, बसायला हो, काही ठिकाणी पैसे मोजावे लागतात! बाहेर मरता मरता वाचून आलोय आणि इथे आधी रोझरी (इथले मण्यांचे पैसे) टाका मग टेका. वर मेलात की सुट्ट्या रोझरी तिथेच एका कोशात पडून राहतात आणि तिथे पोचायच्या आत परत मेलात तर गेल्याच. माळेत ओवून घेतल्या तर सुरक्षित राहतात पण ओवायलाही थोड्या कापून घेतात. या राज्यात सगळीकडे टोल आहे, आणि खरं सांगायचं तर ते मुद्दाम आहे, कारण गोष्टच मुळी अशा जागेची आहे जिथे भाबडे यात्रेकरू वर वर चढत जातात आणि वाटेत त्यांना लुटलं जातं. हे समजल्यावर राग कमी झाला असं नाही, पण दिशा बदलली.

सध्या मी लास्ट जज नावाच्या बॉसपाशी आहे. त्याच्यापर्यंत पोचायची वाट हाच एक अर्धा बॉस आहे, प्रत्येक वेळी मेलं की परत तेच कडे, तीच वाळू, तेच उडते शत्रू. आणि कळस म्हणजे तो हरल्यावर फुटतो. अक्षरशः स्फोट. एक मास्क शिल्लक, बॉस खाली पडला, मी कंट्रोलर मांडीवर टेकवणार एवढ्यात धडाम आणि हॉर्नेट पण गेली. दोन सेकंद मी स्क्रीनकडे बघत राहिले आणि मग हसायलाच आलं, इतका हलकटपणा सुचलाच कसा यांना.

आता आउटर वाइल्ड्स, आणि इथे मला जरा जपून लिहावं लागणार आहे. २०१९ चा गेम आहे, मी खूप उशिरा घेतला, आणि ज्याने त्याने सांगितलं होतं की काही वाचू नकोस. आता मी पण तेच सांगणाऱ्यांपैकी झालेय. तरी जेवढं पहिल्याच बैठकीत कळतं तेवढं सांगते. छोटीशी सूर्यमाला, आपण नवीन अंतराळवीर, लाकूड आणि पत्रे ठोकून बनवलेलं यान, आणि २२ मिनिटांनी सूर्याचा स्फोट होतो. सगळं संपतं आणि आपण परत शेकोटीपाशी डोळे उघडतो. पुन्हा २२ मिनिटं, अशी एक फेरी म्हणजे एक लूप. यानाला अपग्रेड नाही, बंदूक नाही, अनुभवाचे पॉइंट नाहीत, काही म्हणजे काही नाही. यानातल्या लॉगमध्ये तुम्हाला काय काय कळलंय तेवढं राहतं, एका माहितीवरून दुसरीकडे रेघा जातात, बस. जो रस्ता तुम्हाला आज बंद वाटतोय तो पहिल्या मिनिटापासून उघडाच होता, फक्त तुम्हाला माहीत नव्हतं. ज्याने गेम संपवलाय तो नवीन सेव्हवर एकाच लूपमध्ये शेवट गाठू शकतो, कारण चावी खिशात नसून डोक्यात आहे.

आणि ग्रह, काय एकेक ग्रह आहेत! एक आतून पोकळ आहे, मध्यभागी कृष्णविवर, आणि त्याच्याच चंद्रावरचा ज्वालामुखी वरून निखारे फेकतोय, त्यामुळे कवचाचे तुकडे निखळून आत पडत राहतात. म्हणजे लूपच्या सुरुवातीला ज्या पुलावरून चाललात तो पंधराव्या मिनिटाला असेलच असं नाही. दुसरीकडे दोन ग्रह एकमेकांभोवती फिरतात आणि एकाची वाळू दुसऱ्यावर ओतली जात असते, एकीकडच्या गुहा भरत जातात आणि दुसरीकडे वाळूखाली दडलेलं हळूहळू उघडं पडतं. म्हणजे 'कुठे जायचं' एवढा प्रश्न नाहीये, 'कुठे, कधी' असा आहे. मी एकदा गुहेत भिंतीवरचा मजकूर वाचत बसले होते, परग्रहवासीयांचा, गोल गोल वळणांची लिपी, दोघांचा काहीतरी वाद चाललेला, त्यात एवढी गुंगले की पायाखालची वाळू वर येतेय याचा पत्ताच नाही, आणि छताला चिकटून जीव गेला. वाद अर्धवटच राहिला. पुढच्या लूपमध्ये आधी तिथेच पळाले, कारण त्यांचं पुढे काय झालं ते कळायलाच हवं होतं.

यान चालवणं हा तर वेगळाच विषय. खरं भौतिकशास्त्र आहे, ब्रेक नावाचा प्रकार नाही. ग्रह दिसला की आपण आपले बटण दाबून सुसाट, आणि मग लक्षात येतं की थांबायचं असेल तर तेवढाच जोर उलट्या दिशेने लावावा लागणार आणि तेवढं अंतर आता उरलेलं नाही. अर्ध्या वाटेत उलटा जोर सुरू करायचा, मग ग्रहाच्या वेगाशी आपला वेग जुळवायचं बटण धरून ठेवायचं, तेव्हा कुठे नीट उतरता येतं. ऑटोपायलट आहे, पण तो सरळ रेषेत नेतो, आणि त्या रेषेत मध्ये सूर्य आला तर सूर्यातून नेतो. या गेमबद्दल वाचलेली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे कॉम्प्युटरला खूप मोठ्या अंतरांचे आकडे अचूक सांभाळता येत नाहीत म्हणून त्यांनी खेळाडूला जगाच्या मध्यबिंदूवर ठेवलंय आणि बाकीची सूर्यमाला त्याच्याभोवती सरकवतात. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या मी कुठेच जात नाहीये, विश्व माझ्याकडे येतंय. एवढा भाव मला आजवर कुठल्या गेमने दिला नव्हता.

अजून एक, हेडफोन लावून खेळा. यानातून सिग्नलस्कोप (दूरचे आवाज पकडणारं यंत्र) वेगवेगळ्या ग्रहांकडे फिरवला की तिथे बसलेले आपले जुने प्रवासी वाजवत असतात ते ऐकू येतं, कुठे बँजो, कुठे ड्रम, कुठे बासरी, कुठे माउथ ऑर्गन, कुठे नुसती शीळ. लांबून, सगळे एका रेषेत येतील असं उभं राहिलं की ते एकच गाणं निघतं. गेम हे तुम्हाला करायला सांगत नाही. आणि मिशनची यादी, चमकणारा बाण, 'आता इकडे जा' असला काही प्रकारही नाही, त्यामुळे सुरुवातीचे एक-दोन तास खरंच कंटाळवाणे वाटू शकतात, बरेच जण तिथेच सोडतात. मला त्यांचं काही चुकतंय असं वाटत नाही, फक्त वाईट वाटतं.

बालाट्रो बद्दल लिहू की नको असं झालंय कारण लिहायला लागले की एक रन, म्हणजे सुरुवातीपासून एक अख्खा खेळ, खेळावीशी वाटते. लोकलथंक या टोपणनावाच्या एकट्या माणसाने बनवलाय, फेब्रुवारी २०२४ मध्ये आला. पोकरचे हात, म्हणजे पत्त्यांच्या ठरावीक जुळण्या, पण जुगार नाही, पैसे लावायचे नाहीत. जोडी, फ्लश, फुल हाउस, प्रत्येकाला चिप्स आणि एक गुणक, दोघांचा गुणाकार म्हणजे स्कोअर. पहिली पायरी ३०० ची, आणि सगळ्यात सोप्या स्टेकवर (काठिण्य पातळीवर) आठव्या अँटीचा (टप्प्याचा) बॉस साधारण १,००,००० मागतो. दोन राजांच्या जोडीचे साठ होतात हो, लाख कुठून आणायचे? तर जोकरमधून. दीडशे जोकर आहेत, प्रत्येकाचा नियम वेगळा, आणि ते डावीकडून उजवीकडे क्रमाने लागू होतात. समजा गुणक ४ आहे, एक जोकर त्यात ४ मिळवतो आणि दुसरा तिप्पट करतो. मिळवणारा डावीकडे असेल तर २४, उजवीकडे असेल तर १६. तेच दोन जोकर, नुसती जागा बदलली. हे पहिल्यांदा दिसतं तेव्हा जो काय आनंद होतो, आणि मग स्कोअरच्या आकड्याला आग लागते, खरोखर ज्वाळा दाखवतात, आणि मग झोप गेली.

युरोपात याला २०२४ मध्ये १८ वर्षांवरचं रेटिंग दिलं होतं, जुगाराची दृश्यं दिसतात म्हणून, नंतर २०२५ मध्ये ते १२ वर आणलं. बनवणाऱ्याने तर मृत्युपत्रात लिहून ठेवलंय म्हणे, असं त्याने स्वतःच सांगितलं होतं, की हा गेम कधीही जुगाराच्या कंपनीला विकायचा नाही. तरीपण, माझं जे वरचं म्हणणं होतं ना, की प्रोग्रेस माझ्या डोक्यात साठतोय, ते बालाट्रोमध्ये थोडं लंगडं पडतं. काही रन मी चांगल्या खेळते, काही रन मला दुकानात योग्य जोकर मिळतो, आणि जिंकल्यावर हे दोन्ही सारखंच वाटतं. चित्रांचे पत्ते बाद करणारा बॉस आला आणि माझा सगळा डाव राजा-राणीवर उभा असेल तर मग काय. अनुभवी खेळाडू म्हणतील आधीच सावध राहायचं, बॉस कोण ते दिसतंच की आधी, आणि बरोबर आहे त्यांचं. मी राहत नाही.

मधे एक भलामोठा ओपन वर्ल्ड गेम पण सुरू केला होता, नाव नाही घेत, नकाशा उघडला की इतके आयकॉन की खालची जमीन दिसेना. दिसायला सुंदर. पण आउटर वाइल्ड्स नंतर तो बाण बघून मला गुदमरायला झालं, काढून टाकला. त्याऐवजी रिटर्न ऑफ द ओब्रा दिन परत लावलाय, २०१८ चा, लुकस पोपचा. दोनच रंग, १८०७ साल, ईस्ट इंडिया कंपनीचं रिकामं जहाज, आपण विम्याचे तपासनीस, आणि साठ जणांपैकी कोण कसा गेला ते हुडकायचं. तीन जणांचं बरोबर आलं की मगच गेम सांगतो की बरोबर, तोवर गप्प, त्यामुळे अंदाजपंचे फार चालत नाही. खलाशांमध्ये भारतातले पण काही जण आहेत, त्यांना बोलण्यावरून नाही तर कोण कुणाजवळ झोपतो, कुणाच्या झोपायच्या झोळीवर कुठला नंबर आहे यावरून ओळखायचं. दुसऱ्यांदा खेळताना उत्तरं आठवतात हाच एक तोटा, पण मी बऱ्यापैकी विसरलेय, ते एक बरं झालं.

लास्ट जजला पाडलं की (आणि स्फोटाच्या वेळी लांब पळायचं लक्षात राहिलं की) आउटर वाइल्ड्सचा डीएलसी घ्यायचाय, एकोज ऑफ द आय. त्यात भीतीदायक भाग आहेत असं सगळे सांगतात आणि सेटिंगमध्ये भीती कमी करायचा एक ऑप्शन पण दिलाय म्हणे. मी तो गेम सुरू व्हायच्या आधीच ऑन करणार आहे. खरे गेमर काय म्हणतील ते म्हणोत, मला रात्री उठून पाणी प्यायला जावं लागतं.