ट्राम आड येईपर्यंत

ॲमस्टरडॅमला गेलं की ॲन फ्रँकचं घर सगळेच बघतात. पण ती माणसं अखेर पकडली गेली. वाचलेल्या मुलांची जागा बघायची असेल तर १४ नंबरच्या ट्रामने आर्टिस प्राणिसंग्रहालयाच्या थांब्यावर उतरायचं.

तिथून जवळच हॉलंडशे स्खाउबुर्ख हे जुनं नाट्यगृह आहे. १९४२ च्या उन्हाळ्यापासून जर्मनांनी ज्यूंना पकडून इथे कोंडलं. इथून वेस्टरबोर्कची छावणी आणि तिथून ऑशविट्झ किंवा सोबिबोर या संहारछावण्या. लहान मुलांना मात्र रस्त्यापलीकडच्या ज्यू पाळणाघरात ठेवत. सुटकेची फट सापडली ती इथे.

पाळणाघर सांभाळायच्या हेन्रिएट पिमेंटेल. नाट्यगृहातला कारभार वॉल्टर झ्यूस्किंड या ज्यू व्यवस्थापकाकडे. नुसतं मूल पळवून भागत नसे, कारण यादीत नाव असलं की मोजणीत ते कमी भरणार. म्हणून झ्यूस्किंड आणि त्यांचे सहकारी आधी नोंदीतून नाव उडवत. ही कारकुनी नसती, तर बाकी सगळ्या धाडसाचा काही उपयोग नव्हता, असं मला वाटतं.

मग ट्राम. ती मध्ये आली की समोरच्या पहारेकऱ्यांना पाळणाघराचं दार दिसत नसे. तेवढ्यात मूल घेऊन बाहेर पडायचं. मी एक ट्राम मुद्दाम जाऊ दिली आणि मनात आकडे मोजले. दहा-बाराच्या पुढे गेले नाहीत.

काही मुलं परसातल्या कुंपणावरून शेजारच्या अध्यापक विद्यालयात जात. तिथले प्रमुख योहान फान हुल्स्ट. पुढे विद्यार्थ्यांचे गुप्त गट त्यांना फ्रीसलंड किंवा लिम्बुर्ख या दूरच्या प्रांतांत पोचवत, कुणाच्या तरी घरी, नवं नाव देऊन. अशी सुमारे ६०० मुलं वाचली.

आईबापांना आधी विचारलं जाई. अनेकांनी नाही म्हटलं. त्यांना दोष कोण देणार? कामाच्या छावणीत नेतोय, असंच त्यांना सांगितलेलं. ज्यांनी तान्हं बाळ दिलं, त्यांतल्या काही आया दुपट्यात बाहुली गुंडाळून गाडीकडे चालत गेल्या.

पिमेंटेल १९४३ मध्ये ऑशविट्झला मारल्या गेल्या. झ्यूस्किंडही परतले नाहीत. त्याच वर्षी सप्टेंबरअखेरीस पाळणाघर रिकामं केलं, तेव्हा फान हुल्स्ट यांना बाराच मुलं नेता आली. तेरावं का नाही, हा प्रश्न त्यांना पुढे छळत राहिला. ते २०१८ मध्ये वारले. त्यांच्या विद्यालयाच्या इमारतीत २०२४ पासून राष्ट्रीय होलोकॉस्ट संग्रहालय आहे.

युद्ध संपल्यावरचा भाग आपल्याकडे फारसा कुणाला माहीत नसतो. ज्यांचे आईबाप परतलेच नाहीत, त्या मुलांनी कुठे राहायचं हे ठरवायला सरकारने आयोग नेमला. नातेवाईक मागत होते, सांभाळणारेही सोडायला तयार नव्हते. त्यावरून वर्षानुवर्षं वाद झाले. काही मुलं परत आपल्या माणसांत गेली, काही तिथेच राहिली. जी गेली, त्यांतल्या लहानग्यांना आठवत असलेली आई एकच होती, सांभाळणारी, आणि तीही आता दुरावली.