रंकाळ्यावर आज चालतच
साडेपाचलाच रंकाळ्यावर पोचलो. शालिनी पॅलेसच्या बाजूला वारं छान होतं, पण दुसऱ्या फेरीला पोटरीत गोळा आला आणि मी थांबलो. गेल्या एप्रिलात असाच हट्टानं पळत राहिलो आणि तीन आठवडे घरी बसलो होतो. उन्हाची सवय व्हायला शरीराला १० ते १४ दिवस लागतात. तोवर घड्याळातला वेग बघायचा नाही, बोलता येईल इतपतच पळायचं, हे आता मनापासून पटलंय. उरलेली फेरी चालत काढली. कट्ट्यावरचे आजोबा म्हणाले, "काय पावणं, आज चालतच?" त्यांच्याशेजारी बसून मीठ-लिंबाचं पाणी संपवलं. काळ्या टी-शर्टवर मिठाचे पांढरे पट्टे उमटले होते. घामातून काय जातं ते डोळ्यांनी दिसलं.

उद्या पाचला येतोय. कोणी येणार का? सोबत असली की अंथरूण लवकर सुटतं.