पिशवीतली हजार वर्षे

गेल्या महिन्यात गच्चीवरच्या कुंड्यांसाठी रंकाळ्याजवळच्या एका रोपवाटिकेतून मी 'पीट मॉस'ची पिशवी आणली. आपल्याकडे सर्रास मिळणारे कोकोपीट म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा. हे मात्र खरे पीट, म्हणजे दलदलीत साचून अर्धवट कुजलेले शेवाळ होते आणि पिशवीवर लाटव्हियाचे नाव होते. मूठभर हातावर घेऊन पाहिले, तर तपकिरी भुशात शेवाळाच्या केसासारख्या काड्या आणि त्यांना चिकटलेली इवली पाने अजूनही ओळखू येत होती. आमच्या शेतात पाचटाची कुट्टी करून पसरली, की एका पावसाळ्यात तिची ओळख पुसते. हे शेवाळ मात्र कित्येक शतके ओलाव्यात राहूनही शेवाळच राहिले होते.

उत्तर युरोपातील थंड दलदलींत वाढणारे स्फॅग्नम नावाचे हे शेवाळ स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरून ठेवते आणि भोवतालचे पाणी आम्लधर्मी करते. त्या साचलेल्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ पोहोचत नाही, म्हणून कुजण्याची क्रिया अत्यंत मंदावते. खालचे शेवाळ मरून दबत जाते, वर नवे उगवते आणि वर्षाला साधारण एक मिलिमीटर या गतीने थर चढत राहतो. म्हणजे मीटरभर खाली जाणे हे सुमारे हजार वर्षे मागे जाणे होय.

मे १९५०मध्ये डेन्मार्कमधील सिल्केबोर्गजवळ जळणासाठी पीट कापणाऱ्या एका कुटुंबाला अशाच थरात एक मृतदेह सापडला. चेहरा इतका ताजा होता, की अलीकडेच कुणाचा तरी खून झाला असावा, असे समजून त्यांनी पोलिसांना बोलावले. 'टोलुंड मानव' म्हणून ओळखला जाणारा हा माणूस प्रत्यक्षात सुमारे २४०० वर्षांपूर्वीचा निघाला. डोक्यावर कातड्याची टोपी, गळ्यात वादीचा फास, हनुवटीवर दाढीचे खुंट आणि पोटात शेवटच्या जेवणातील सातू व जवसाची पेज, एवढे सगळे शिल्लक होते.

हे वाचताना मला आपली कोल्हापूरची ब्रह्मपुरी आठवली. पंचगंगेकाठच्या त्या टेकाडावर १९४०च्या दशकात झालेल्या उत्खननात रोमन जगातून आलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती मिळाली आणि आज ती टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. मूर्ती टिकली, पण ती ज्याने हाताळली, त्याच्या अंगावरचे वस्त्र किंवा ताटातले अन्न टिकवण्याची शक्ती आपल्या मातीत नाही. म्हणूनच दलदलीने राखलेले ते दाढीचे खुंट मला कुठल्याही सुवर्णमुद्रेहून मोलाचे वाटतात.

जे कुजत नाही, त्यातला कार्बनही हवेत जात नाही. पृथ्वीच्या भूभागापैकी जेमतेम ३ टक्के जागा व्यापणाऱ्या पीटभूमींत जगातल्या सर्व जंगलांच्या झाडोऱ्यापेक्षा अधिक कार्बन साठलेला आहे. मात्र चर खणून पाणी काढले, की थरात हवा शिरते आणि हजारो वर्षे थांबलेले कुजणे पुन्हा सुरू होते. इंडोनेशियाने १९९६मध्ये बोर्निओ बेटावरच्या मध्य कालिमंतानमधील सुमारे १० लाख हेक्टर प्रदेशात भातशेतीसाठी कालवे खणायला घेतले. पुढच्याच वर्षीच्या दुष्काळात कोरडे पडलेले पीट महिनोन्महिने धुमसत राहिले आणि धूर शेजारच्या देशांवर पसरला. भाताची ती योजना अखेर सोडून द्यावी लागली.

हा विषय परका वाटू नये, म्हणून नीलगिरीचा उल्लेख आवर्जून करतो. उटीच्या परिसरातील उंच दऱ्यांत पीटचे थर आहेत. पाऊस कमी-जास्त झाला, की गवत आणि झाडे यांचे प्रमाण बदलते आणि या दोहोंच्या अवशेषांतील कार्बनची घडण वेगळी असते. त्या फरकावरून भारतीय शास्त्रज्ञांनी गेल्या सुमारे २० हजार वर्षांत मोसमी पाऊस कधी क्षीण झाला आणि कधी बळावला, याचा माग १९९३मध्ये मांडला. हा तोच नैर्ऋत्य मोसमी पाऊस, ज्याच्या भरवशावर राधानगरीचे धरण भरते. त्या दऱ्यांपैकी कितीतरी जागी पुढे चहा, भाजीपाला आणि निलगिरीची लागवड झाली, याची मला मनापासून हळहळ वाटते.

पीटची दुसरी पिशवी मी आणली नाही. कुंड्यांत आता शेणखत आणि कोकोपीट आहे, आणि जास्वंदीला कळ्या धरल्या आहेत.