टेकडीवरचे पाणके

पुण्यात टेकडीवर काही लोक हात हलवत जातात, काही हातात कॅन घेऊन. गोडेतेलाचा पाच लिटरचा कॅन, दहादा धुऊनही किंचित ओशट राहिलेला. वेताळ टेकडी समुद्रसपाटीपासून ८०० मीटरच्या आसपास, शहरातली सगळ्यांत उंच. त्या चढावर घरच्या नळाचं पाणी वाहून नेणारी ही माणसं एरवी दुसऱ्या मजल्यासाठी लिफ्टची वाट बघत उभी असतात.

प्रत्येकाची झाडं ठरलेली. दुसऱ्याच्या आळ्यात पाणी घालायचं नाही, हा अलिखित नियम. घातलंच, तर ‘काल आमच्या कडुनिंबाला कुणी पाणी पाजलं?’ अशी रीतसर चौकशी होते. जुलैत बॅनर घेऊन मंडळी येतात, गुडघ्याएवढ्या रोपामागे दहाजण फोटोला उभे राहतात. एप्रिलमध्ये त्याच रोपाचं आळं नीट करायचं, पालापाचोळा पसरायचा, आणि कुणाच्या सिगारेटने वाळलं गवत पेटलंच तर हिरव्या फांद्यांनी झोडपत सुटायचं, हे मात्र कॅनवाल्यांच्या वाट्याला.

इतकी माया म्हटल्यावर भांडणं आलीच. काही दशकांपूर्वी वनखात्याने उजाड टेकड्या लवकर हिरव्या व्हाव्यात म्हणून गिरिपुष्प लावलं. मूळचं मध्य अमेरिकेतलं हे झाड भराभर वाढलं. थंडी सरताना गुलाबी फुलतं, फोटोही झकास येतात. पण त्याच्या दाटीत आपले सालई, गणेर, मेडशिंगी अंग चोरून उभे. शिवाय टेकडीचा बराच भाग मुळात गवताचा. चंडोल तिथे जमिनीवरच, गवताच्या आडोशाने घरटं करतो. आपण त्या गवताला ‘ओसाड जागा’ म्हणतो आणि खड्डे खणायला घेतो. माझं मत विचाराल तर टेकडीवर निम्मी सेवा म्हणजे कुदळ घरी ठेवणं. हे मी तिथे मोठ्याने बोलत नाही.

वनस्पतिशास्त्र शिकणारी एक मुलगी बोलते. आमच्यातल्या एका काकांनी ऐन गवतात वडासाठी खड्डा घेतला होता.

“काका, इथे गवतच राहू द्या ना.”

“अगं, गवताची सावली पडते का कधी?”

वाद दोन-तीन रविवार चालला. मध्येच थर्मासमधला चहाही झाला. शेवटी तडजोड अशी निघाली, की खड्डा बुजवायचा आणि खाली वाटेच्या कडेला, गिरिपुष्प काढलेल्या जागी मोई लावायची. मोई इथलीच, आणि सोपीही. फांदी खोचली तरी जगते. काकांना पटलं. कोणत्या महिन्यात, किती जाड फांदी, सगळं त्यांनी वहीत टिपून घेतलं.

“आणि पाणी किती घालायचं रोज?”

“पावसाळ्याच्या तोंडावर लावली की पाण्याचं फारसं बघावं लागत नाही, काका.”

काकांनी वही मिटली. “मग दुसरं काहीतरी सांग,” ते म्हणाले.