पोर्तुगालच्या ध्वजावरचे पिवळे कडे

फोंड्याच्या आमच्या जुन्या घराच्या वाटणीचे काम निघाल्यामुळे गेल्या महिन्यात आईने माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली आणि तिच्या तळाशी पणजोबांच्या नावाचा १९२८ सालचा एक पोर्तुगीज दस्त सापडला. कागद घड्यांवर विरला आहे, शाई तपकिरी झाली आहे. पण वरच्या बाजूला दाबून उठवलेली सरकारी मुद्रा अजून बोटाला लागते. त्या दिवशी माझा दहा वर्षांचा भाचा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून घेतलेला पोर्तुगालच्या फुटबॉल संघाचा लाल शर्ट घालून आला होता. त्याने मुद्रेकडे पाहिले, मग मान खाली घालून आपल्या छातीवरच्या चिन्हाकडे पाहिले आणि म्हणाला, "मावशी, ह्या पाच छोट्या ढाली माझ्या शर्टावर पण आहेत."

खरेच होत्या. त्याला त्यांचा अर्थ सांगायला बसले तेव्हा जाणवले की, ज्या ध्वजाखाली पणजोबांचे उतारवय आणि आजोबांचे सारे तारुण्य गेले, तो वाचायला आमच्या घरात कुणी कधी शिकवले नाही. म्हणून हे लिहीत आहे.

आज आपण पाहतो तो पोर्तुगालचा ध्वज ३० जून १९११ रोजी अधिकृत झाला. त्याची उंची आणि लांबी यांचे प्रमाण दोनास तीन असून काठीकडचा दोन पंचमांश भाग हिरवा आणि उरलेला तीन पंचमांश भाग लाल आहे. दोन्ही रंग जिथे मिळतात तिथे मध्यभागी कड्याकड्यांचे एक पिवळे गोलयंत्र आहे आणि त्यावर ढाल आहे. त्या ढालीच्या लाल किनारीवर सात पिवळे किल्ले आहेत, आतल्या पांढऱ्या भागात निळ्या रंगाच्या पाच लहान ढाली आहेत आणि त्या प्रत्येक ढालीवर पाच पांढरे ठिपके आहेत.

या पाच ढालींना पोर्तुगीज भाषेत 'किनाश' म्हणतात. अफोंसू एन्रिक्श हा पोर्तुगालचा पहिला राजा. त्याने ११३९ साली ओरीकच्या लढाईत पाच मूर, म्हणजे तिथल्या मुसलमान, राजांचा पराभव केला, त्या विजयाची खूण म्हणून या पाच ढाली, आणि ठिपके म्हणजे ख्रिस्ताच्या पाच जखमा, अशी परंपरागत कथा आहे. कथा मागाहून रचली गेली असावी, असे इतिहासकार मानतात; पूर्वी ठिपक्यांची संख्याही ठरलेली नव्हती. किल्ल्यांचा संबंध दक्षिणेकडील आल्गार्व प्रांताशी जोडला जातो. तो प्रांत १२४९ साली मुरांकडून पूर्णपणे जिंकल्यावर देशाच्या सीमा जवळजवळ आजच्यासारख्या झाल्या. युरोपातील इतक्या जुन्या आणि इतक्या कमी बदललेल्या सीमा क्वचितच दुसऱ्या देशाच्या असतील. जमिनीवर स्पेन हा एकच शेजारी आणि उरलेल्या दोन बाजूंना अटलांटिक महासागर.

ढाल ही त्या देशाच्या घरातली गोष्ट झाली. पिवळे कडे मात्र गोव्याच्या वाट्याचे आहे, असे मला वाटते. गोलयंत्र म्हणजे आकाशातील विषुववृत्त, क्रांतिवृत्त इत्यादी वर्तुळे धातूच्या कड्यांनी दाखवणारे खगोलशास्त्राचे उपकरण. ते राजा मानुएल पहिला याचे वैयक्तिक चिन्ह होते. १४९५ ते १५२१ या त्याच्याच कारकिर्दीत वास्को द गामा कालिकतला पोहोचला आणि १५१० साली आफोंसु द आल्बुकेर्कने आदिलशाहीकडून गोवा घेतला. आल्बुकेर्कने लगेच इथे टांकसाळ घातली आणि तिथे पाडलेल्या चांदीच्या नाण्यावर हेच गोलयंत्र उमटवले. नाण्याचे नावही त्या गोलावरूनच पडले. म्हणजे ध्वजावर जाण्याच्या ४०० वर्षे आधी ही आकृती तिसवाडीच्या बाजारात हातोहात फिरत होती. ज्यांच्या हातून ती फिरली, त्यांची देवळे पुढे कशी पाडली गेली आणि मंगेशी, शांतादुर्गा, महालसा या देवता खाडीपलीकडे, तेव्हा पोर्तुगीज सत्तेबाहेर असलेल्या आमच्या फोंडा महालात का आल्या, हे गोमंतकीय वाचकाला सांगण्याची गरज नाही.

१९१० पूर्वीचा ध्वज निळा-पांढरा होता आणि ढालीवर राजमुकुट होता. ५ ऑक्टोबर १९१० रोजी लिस्बनमध्ये प्रजासत्ताकाची घोषणा झाली, राजा देश सोडून गेला आणि नव्या सरकारने ध्वज ठरवण्यासाठी समिती नेमली, जिच्यात कोलुंबानु बोर्दालु पिन्येइरु हा नामवंत चित्रकार होता. हिरवा व लाल हे प्रजासत्ताकवाद्यांचे रंग होते. १८९१ साली पोर्तू शहरातील फसलेल्या उठावातही ते फडकले होते. हिरवा आशेचा आणि लाल सांडलेल्या रक्ताचा, हे स्पष्टीकरण पुढे रूढ झाले. मुकुट गेला, पण मुकुटधाऱ्याचे गोलयंत्र नव्या ध्वजावर आले, कारण सागरी पराक्रमाचा अभिमान प्रजासत्ताकालाही सोडवत नव्हता.

या बदलाकडे गोव्यातल्या हिंदूंनी दूरच्या देशातील घडामोड म्हणून पाहिले नाही. राजेशाहीत कॅथलिक धर्म हा राज्याचा धर्म होता. प्रजासत्ताकाने १९११ च्या एप्रिलमध्ये चर्च आणि राज्य कायद्याने वेगळे केले आणि धर्मामुळे बंद असलेली दारे हिंदूंना उघडली. १९१२ साली गोविंद पुंडलिक हेगडे देसाई यांचे 'भारत' हे मराठी वृत्तपत्र निघाले. वाचनालये, शाळा आणि सभा यांना जोर आला. पणजोबा त्या पिढीचे. आजी सांगत असे की, ते 'रेपुब्लिक' हा शब्द फार आदराने उच्चारीत. पूर्वी मला त्याचे नवल वाटे, थोडा रागही येई. आता तो आदर मला समजतो.

पुढे १९२६ साली लष्कराने सत्ता घेतली, त्यातून सालाझारची हुकूमशाही उभी राहिली आणि १९३० च्या वसाहत कायद्याने गोमंतकीयांना दुय्यम ठरवले, ज्याचा गोव्याचे पत्रकार-नेते लुइश द मेनेझिस ब्रागांझा यांनी विधिमंडळात निषेध केला. मात्र ध्वजाचा एक धागाही बदलला नाही. १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहियांना बोलू दिले नाही, तेव्हाही सरकारी कचेरीवर तोच ध्वज होता. ज्यांचे मूळ गाव सांगली, त्या गोवामुक्तीच्या लढ्यातील मोहन रानडे यांना १९५५ मध्ये पकडले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त होऊन पणजीवर तिरंगा चढला, तरी ते लिस्बनजवळच्या काशियशच्या किल्ल्यात कैदेतच होते आणि १९६९ साली सुटले. गोव्यातून उतरलेला ध्वज त्या किल्ल्यावर आणखी सात वर्षे त्यांच्या डोक्यावर होता.

तोच ध्वज २५ एप्रिल १९७४ रोजी, बंदुकीच्या नळीत कार्नेशनची फुले खोवलेल्या सैनिकांच्या क्रांतीनंतर, लोकशाहीचाही ध्वज झाला. त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला झालेल्या कराराने पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. म्हणून या ध्वजाचे चित्र दिसले की मी आधी त्याचे साल विचारते.

आजचा पोर्तुगाल क्षेत्रफळाने सुमारे ९२ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपले पंचवीस गोवे त्यात मावतील एवढा. महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही लहान. लोकसंख्या एक कोटीच्या थोडी वर. राजधानी लिस्बन तेजू नदीच्या मुखाशी आहे. आसोर्श आणि मादैरा ही बेटे दूर अटलांटिकमध्ये आहेत. बाटल्यांच्या बुचाचे झाड तिथले वैभव असून बूच उत्पादनात हा देश जगात पहिला आहे. १९८६ पासून तो युरोपीय समुदायात, म्हणजे आजच्या युरोपीय संघात, आहे. जुने चलन 'एश्कुदु' होते आणि एश्कुदु म्हणजे ढालच. गोव्यात मुक्तीपूर्वीच्या शेवटच्या दोन-तीन वर्षांत रुपया काढून तेच चालवले गेले, एका रुपयाला सहा या दराने. मडगावशी ज्यांच्या घराण्याचे नाते आहे, ते आंतोनियु कोश्ता २०१५ ते २०२४ या काळात त्या देशाचे पंतप्रधान होते. ज्यांच्या पूर्वजांवर तो ध्वज बाहेरून आला, त्यांच्यातल्याच एकाने त्या ध्वजासमोर शपथ घेतली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

भाच्याला मुद्रेचे चित्र वहीत हवे होते, पण फोटोत उठाव नीट येईना. मग मी दस्तावर पातळ कागद ठेवला आणि त्याने पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने घासायला सुरुवात केली. आधी कड्याची वळणे उमटली, मग ढालीची कड, मग एकेक किल्ला. जिथे घडी पडली होती तिथे काहीच येईना. "सहाच आहेत, मावशी," तो म्हणाला. आईने खिडकी पूर्ण उघडली, दस्त उजेडात तिरपा धरला आणि सातव्या किल्ल्यावर नख ठेवले.